बोटभर फट

केबल गुंडाळता गुंडाळता तिच्या बोटाला काहीतरी लागलं. उजेडाकडे धरून पाहिलं तर एका जागी केबल चेपून चपटी झालेली, कुणी दातांनी चावल्यासारखी. कुणी चावली ते तिच्या ध्यानात आलं.

पंपाच्या खोलीचं दार!

महिनाभर खपून तिने संगणकावर अख्खं जहाज उभं केलं होतं. कुठल्या पोलादी भिंतीवर रेडिओ लहरी आपटून फिरतील, कुठल्या जिन्यातून निसटतील, सगळं गणितात. गणित म्हणत होतं, पंपाच्या खोलीचं दार लागलं की लहर आतच मरणार. काल प्रत्यक्ष मोजलं, तर लहर आरामात बाहेर. तिने बिचाऱ्या गणितालाच दटावून आकडे बदलले. पण मोजायच्या यंत्राची केबल त्याच दारातून आत गेलेली. म्हणजे दार लागलंच नव्हतं. बोटभर फट होती, आणि लहरींना तेवढी पुरते.

जहाज दुपारी सुटणार. त्या खोलीत ड्यूटीला तिचा सख्खा थोरला भाऊ, कमरेला धोक्याचं बिनतारी बटण. आत काही झालं तर दाबायचं, की वर कप्तानाकडे दिवा लागतो. तो लागेलच, असं लिहून खाली हिनेच सही ठोकलेली.

धक्क्यावर पोहोचेपर्यंत तिच्या बुटाची नाडी दोनदा सुटली.

"काय गं अँटेना? डबा विसरलो की काय मी?"

"दादा, आत जा. दार लावते. दहा वेळा बटण दाब."

"अगं, कालच तर—"

"जा म्हणते ना!"

या वेळी हातात बॅटरीवरचं यंत्र, केबलच नाही. कप्तान शेजारी घड्याळ बघत उभा. दाराचं चाक फिरलं, रबर घट्ट बसलं. ती टक लावून यंत्राकडे बघत राहिली. दिवा काही लागेना. दाराबाहेर दोन हातांवर ही गत, मग वर काय पोहोचणार, कपाळ!

दार उघडलं. "दहा झाले," दादा म्हणाला. "अंगठा दुखला."

"चूक माझी," ती कप्तानाला म्हणाली. "सही मागे घेते. आत लहर पकडून तारेने बाहेर नेणारी एक पेटी बसवावी लागेल."

"बाई, बंदरातली जागा मला दुपारपर्यंतच दिलीय."

"मग बंदराला माझं नाव सांगा."

दिव्यांच्या तारा भिंतीतून जातात त्याच बंदिस्त भोकातून वायरमनने आणखी एक तार ओढली आणि आत छोटी पेटी बसवली. दुसऱ्या दिवशी दादा पुन्हा आत. वर दिवा लागला, की कप्तान जिन्यातून आकडा ओरडे: एक, दोन, तीन... सात. मग काहीच नाही. तिचा हात चाकावर गेला. तेवढ्यात आठ, नऊ, दहा. आणि अकरा.

"मध्येच काय झोपलास?"

"शिंक आली."

"आणि अकरावं कशाला?"

"तुझं गणित चुकतं ना, म्हणून एक वरचं."

ती हसली नाही. नव्या अहवालात सगळ्यात आधी तिने पहिल्या मोजणीतली केबलची चूक लिहिली. सही करायच्या आधी दाराच्या रबरावरून चारी बाजूंनी बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं.