लोकरीची दहावी गुंडी

ग्यूरीने डायपरच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला आणि मग खोकं सरळ उलटंच केलं. वरचे चार डायपर आधी पडले. नवऱ्याला खालचं दिसू नये म्हणून ते वर ठेवलेले असायचे. त्यांच्यामागून लोकर आली. सेलमध्ये घेतलेली मोहरीच्या रंगाची. चंदेरी चमक असलेली, अंगाला टोचते हे घरी आणल्यावर कळलेली. तीन निळ्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या. सायीच्या रंगाची दहावी गुंडी मात्र नव्हती.

तिने दुसरं खोकं उलटं केलं. मग तिसरं. शनिवारची दुपार होती आणि जमीन दिसेनाशी झाली होती.

सोमवारी ती चौदा महिन्यांनी कामावर जाणार होती आणि अंगात स्वतः विणलेला सायीच्या रंगाचा कार्डिगन घालून जाणार होती, हे तिने स्वतःशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्याची पाठ दोनदा उसवून झाली होती. एकदा माप बघायला आधी नमुन्याचा चौकोन विणायचा कंटाळा केला म्हणून, आणि एकदा लेकीने भरल्या सुईवरून ऐंशी टाके खसकन ओढून काढले म्हणून. आता डावी बाही कोपराशी येऊन थांबली होती. सुईवर अठ्ठेचाळीस टाके आणि बोटभर धागा.

बाहेरच्या खोलीत सासूबाई दान्बीला पेज भरवत होत्या. सोमवारपासून नातीला सांभाळायला त्या गुरुवारीच समुद्रकाठच्या सोक्चोहून आल्या होत्या, दोन पिशव्या सुकी मासळी घेऊन.

“आई, माझी एक गुंडी पाहिलीत का? सायीच्या रंगाची. खोक्यात होती.”

“कुठल्या खोक्यात?”

“डायपरच्या.”

“डायपरच्या खोक्यात डायपर असतात अशी माझी समजूत होती.” सासूबाईंनी दान्बीच्या हनुवटीवरची पेज चमच्याने वर ओढली. “काल पोरीला बदलायला गेले तर हाताला लोकर. म्हटलं, शहरात काही नवीन निघालंय वाटतं.”

“पाहिलीत का पण?”

सासूबाईंनी चमच्यानेच दाराकडे खूण केली.

दाराच्या आत, चपला काढायच्या जागेच्या वर, कालपासून एक सुका मासा टांगलेला होता. हातभर लांब, लाकडासारखा कडक, तोंड उघडं, डोळे उघडे. घरात वाईट काही शिरू नये म्हणून त्याने रात्रंदिवस जागं राहायचं असतं. काल संध्याकाळी ग्यूरीने तो फक्त लांबून पाहिला होता. सासूबाईंच्या गावी दुकानांवर, होड्यांवर, नव्या मोटारींतसुद्धा असे मासे टांगतात आणि त्यांना पांढरा दोरा गुंडाळतात, लांब आयुष्याचा. तिला वाटलं होतं, तसलाच नेहमीचा सुती दोरा असेल.

ती जवळ गेली. माशाच्या गळ्यापासून शेपटीपर्यंत, एकाशेजारी एक, घट्ट आणि सुबक वेढे होते. बोट लावायची गरजच नव्हती. ही लोकर तिला अंधारातही ओळखू आली असती.

“ती माझी होती,” ती म्हणाली.

“घरातली होती.”

“एकच होती, आई! त्या लॉटची शेवटची.”

“तीन खोकी ओतलीयेस जमिनीवर, आणि म्हणे एकच होती.”

“एका वेळी रंगवलेली लोकर एका लॉटची असते. दुसऱ्या लॉटचा रंग जुळत नाही.”

“पांढरं ते पांढरं. त्यात जुळायचं काय?”

ग्यूरीने फोन उचलला आणि दोंगदेमुनच्या बाजारातल्या, तळघरातल्या लोकरवाल्या मावशीला लावला. मावशी काहीतरी चावत होती.

“तो लॉट? तो वसंतातच संपला गं. नवा आलाय तो पिवळट आहे. देऊ का? पण सांगून ठेवते, डाव्या हाताला कावीळ झाल्यासारखं दिसेल.”

“एखादी गुंडी कुठे मागे पडलेली...”

“तेव्हाच म्हटलं होतं, अकरावी घेऊन ठेव. एक नेहमी जास्तीची घ्यावी. पण तुला त्या दिवशी कसली घाई! पिशवीसुद्धा न घेता पळालीस.”

घाई होती खरी. त्या दिवशी नर्सने सांगितलं होतं, आज नळी काढली, मुलगी आपली आपण श्वास घेतेय. आठव्या महिन्यात झालेली दान्बी अडतीस दिवस काचेच्या पेटीत होती आणि भेटीची वेळ दिवसातून अर्धा तास. त्या दिवशी ती भेट संपवून निघालेली ग्यूरी थेट त्या तळघरात जाऊन उभी राहिली होती आणि दुकानातली सगळ्यात महाग लोकर तिने बोटाने दाखवली होती. दहा. आणि मग भीती वाटली होती की आपण आनंद केला हे कुणी पाहिलं तर नाही. उरलेले दिवस ती इस्पितळाच्या बाकावर बसून विणत राहिली. शेजारच्या बायका छोटे मोजे, टोप्या विणायच्या. ग्यूरीचा हात बाळासाठी एक टाका घालायलाही धजावला नाही. स्वतःसाठी विणतेय, असं ती विचारणाऱ्यांना सांगायची. शालेय पुस्तकांतल्या चुका शोधायची नोकरी करणारी बाई. शकुन-अपशकुन असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आली.

“काय करतेस?” सासूबाई दान्बीला कडेवर घेऊन उठल्या.

“उतरवतेय.”

“एकदा टांगलेलं उतरवत नाहीत.”

“मग लोकर सोडवून घेते. त्याला दुसरं काहीतरी बांधा.”

“अगं, पोरीच्या नावाने बांधलाय तो! अख्खी गुंडी गुंडाळलीये, मध्ये कुठे तोडली नाही. आयुष्याचा दोरा कुणी तोडतं का?”

“साधा दोरा आणायचा होतात! बाजारात दोऱ्याला काय तोटा आहे? माझ्याच वस्तूला हात कशाला लावलात? विचारायचं तरी!”

“तू अंघोळीला गेली होतीस. आणि विचारलं असतं तर दिली असतीस का तू?”

“नसती दिली!”

“झालं तर मग.” सासूबाईंचा आवाजही चढला. “आणि साधा का बांधू? सगळ्या गुंड्या काढून पाहिल्या मी. एकेक गालाला लावली. ती चमकीवाली टोचते. निळ्या कसल्या, पायपुसण्यासारख्या. ही एकच चांगली होती. नातीच्या जिवाला काय टाकाऊ बांधू? तू असतीस तर त्यातली दुसरी कुठली निवडली असतीस?”

ग्यूरी स्टुलावर उभी होती, त्यामुळे माशाचं तोंड तिच्या तोंडासमोर होतं. सासूबाई बरोबर बोलल्या होत्या. तीन खोक्यांत तिने वर्षभर आणून कोंबलेल्या लोकरीत, लेकीच्या नावाने बांधावी अशी एकही दुसरी गुंडी नव्हती. याने राग गेला नाही. उलट त्याला बसायला जागा उरली नाही, म्हणून तो सगळीकडे फिरू लागला. फ्रीजमधले डबे काल न विचारता हलवले होते त्यावर. बाटल्या उकळण्याचं भांडं बदललं होतं त्यावर. सोमवारी साडेसातला दार ओढून घेऊन जायचं आणि दिवसभर पडद्यावर चुका शोधायच्या, आणि इथे ही बाई लेकीला गरम पेज देईल की गार, ते कळणारसुद्धा नाही, त्यावर.

“तोडायचा नाही ना?” ती म्हणाली. “ठीक आहे. नाही तोडत.”

तिने माशाच्या शेपटीजवळची गाठ नखांनी सोडवली. दोन नखं मोडली. मोकळं टोक घेऊन ती खाली उतरली, सुया आणि अर्ध्या बाहीचा कार्डिगन घेऊन आली, चपलांच्या जागेच्या पायरीवर बसली, माशाकडून आलेलं टोक बाहीच्या शेपटाला जोडलं आणि विणू लागली.

पहिली ओळ संपेपर्यंत सासूबाई नुसत्या पाहत राहिल्या.

“वेड लागलंय का तुला?”

“तोडलाय का मी?”

धागा ओढला की वर टांगलेला मासा फिरायचा. दर वेढ्याला एक गिरकी. तोंड उघडं, डोळे उघडे. तो भिंतीकडे बघायचा, दाराकडे बघायचा, फिरून पुन्हा ग्यूरीकडे. दान्बीला ते कमालीचं आवडलं. ती आजीच्या कडेवरून हात उडवत खिदळू लागली.

“हस, हस,” सासूबाई नातीला म्हणाल्या. “तुझी आई माशाचं कातडं सोलतेय. परवा हाफिसात जाईल तेव्हा मांजरं लागतील मागे.”

“लागू देत.”

“शेजारीण आली तर काय सांगू? सून माशाला दावणीला बांधून बसलीये म्हणून?”

“सांगा, सासूने आधी बांधला.”

सासूबाई बराच वेळ आत भांडी आपटत राहिल्या. मग दान्बीला शालीत गुंडाळून पाठीला बांधलं आणि परत येऊन चपलांच्या कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. डुलत डुलत. ग्यूरी ओठांतल्या ओठांत टाके मोजत होती. चार ओळींनी दोन टाके घटवायचे. लोकरीला मासळीचा वास लागला होता आणि सुयांवरून तो बोटांत उतरत होता.

“साडेसातला निघणार तू?” सासूबाईंनी विचारलं.

“हो.”

“आणि येणार?”

“सातला. गाडी चुकली तर साडेसात.”

सासूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. “म्हणजे बारा तास.”

“फोन आहे ना. आणि मी सगळं लिहून ठेवलंय. फ्रीजवर.”

“वाचलं ते. दोनदा वाचलं.” डुलणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. “ठसका लागला तर पालथं धरून पाठीवर थापटायचं, असं लिहिलंयस. किती जोरात ते नाही लिहिलंस.”

सुया क्षणभर थांबल्या.

“दोन पोरं वाढवली मी,” सासूबाई म्हणाल्या. त्या माशाशी बोलत असल्यासारख्या वर बघत होत्या. “पण ती घट्ट होती. आपटली तरी रडून उठायची. ही काचेतून आलेली. हिला कसं धरायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. आणि बारा तास मी एकटीच.”

ग्यूरीने पुढचा टाका घेतला. त्यापुढचा घेतला. मग तिच्या लक्षात आलं की घटवायची ओळ केव्हाच मागे गेली. तिने दात आवळून दोन ओळी उसवल्या. वर मासा उलटा फिरला.

“आधी बोलायचं होतंत,” ती म्हणाली.

“काय बोलायचं? तुला येतं का जोरात किती ते लिहायला?”

ग्यूरीला पुन्हा राग आला. ती झपाझप विणत राहिली. खिडकीतलं ऊन समोरच्या इमारतीवर गेलं. मनगटाची पट्टी झाली. तिने टाके बंद करत आणले, एकावरून एक उडी मारत, आणि शेवटी सुईवर एकच टाका उरला. वर माशाच्या गळ्याशी सात-आठ वेढे शिल्लक होते. तिथून धागा उतरून तिच्या मांडीपर्यंत आला होता.

बाही दुसऱ्या बाहीशेजारी ठेवून तिने पाहिलं. रंग तोच. लांबी तीच. आता धागा वीतभर ठेवून कापायचा, टोक त्या टाक्यातून ओवायचं आणि ओढायचं. वर्षभराचं काम. तिने कात्री घेतली.

“काप,” सासूबाई म्हणाल्या. “थांबलीस कशाला? तुझा कुठे विश्वास आहे!”

“नाहीच आहे.”

“मग काप ना.”

ग्यूरीने कात्रीची पाती उघडली आणि धागा मध्ये घेतला. सासूबाईंच्या पाठीवर दान्बी झोपली होती. गाल शालीवर चेपलेला, तोंड अर्धं उघडं. सवयीने ग्यूरी तिचे श्वास मोजू लागली. इस्पितळातही मोजायची, काचेतून, ओठ न हलवता. सात. आठ. आठव्यानंतर दान्बी जरा थांबली, जशी झोपेत मुलं थांबतात. मग नऊ.

कात्रीच्या पात्यांमध्ये धागा तसाच होता.

“तुम्ही कापा,” ती म्हणाली आणि कात्री पुढे केली.

“मी?” सासूबाई मागे सरल्या. “वा! मी बांधणारी. मी कशाला कापू? तुझं आहे ना ते? ओरडून ओरडून सांगत होतीस.”

“काही उपयोगाच्या नाही आहात तुम्ही.”

“आणि तू?”

ग्यूरीने कात्री पायरीवर आपटली. तिने केसांतली पिन काढून शेवटच्या टाक्यात अडकवली, म्हणजे तो सुटणार नाही. कार्डिगन झटकला आणि दाराच्या डाव्या अंगाच्या खुंटीवर टांगला. डाव्या बाहीच्या मनगटापासून वरच्या माशापर्यंत, दाराच्या वाटेवर तिरपा, धागा ताणून राहिला. सासूबाईंनी पुढे होऊन तो बोटाने किंचित वर उचलून पाहिला, कुणाच्या डोक्याला लागेल का याचा अंदाज घेत. मग त्यांनी खुंटीवरचा कार्डिगन एक खुंटी वर सरकवला.

बाहेर कुलपाचे आकडे दाबल्याचा टिकटिक आवाज झाला.

“थांब!” दोघी एकदम ओरडल्या.

दार तरीही उघडलं. जीसॉक हातात भाजीची पिशवी घेऊन उंबऱ्यावर उभा होता. त्याने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग संथ फिरणाऱ्या माशाकडे आणि आतल्या खोलीत पसरलेल्या लोकरीकडे.

“हे काय चाललंय?”

“वाकून ये,” ग्यूरी म्हणाली.

तो जरासा वाकला.

“आणखी,” सासूबाई म्हणाल्या.

“अगं पण हे आहे तरी...”

“वाक म्हटलं ना!” ग्यूरी खेकसली. “आणखी खाली.”