कठड्यावरचे ठिपके

"बाकांवर कुणी बसतच नाही, सर," विद्यार्थिनीने नकाशाचा कागद टेबलावर पसरला. "तीन दिवस मोजलं. सगळे मागच्या कठड्यावर टेकतात."

प्राध्यापकांनी चष्मा सारखा केला. नियम त्यांचाच होता: चौक नव्याने आखायचा असला, तरी पहिले तीन दिवस रेघ मारायची नाही, जागेवर बसायचं आणि माणूस जिथे टेकेल तिथे नकाशावर ठिपका द्यायचा. नकाशात बाराही बाकं कोरी होती आणि कठडा ठिपक्यांनी भरून गेला होता.

"मूळ आखणी कुणाची?" त्यांनी उगाचच विचारलं.

"नगरपालिकेत नाव सापडलं नाही, सर. नकाशावर नावाची जागा रिकामी सोडलीय."

दाराशी उभा असलेला शिपाई खोकला. त्याला माहीत होतं. एकतीस वर्षांपूर्वी तो चौक प्राध्यापकांनीच आखला होता. त्यांच्या हातून प्रत्यक्षात उतरलेलं तेवढं एकच काम. बाकी सगळी हयात फळ्यासमोर गेली. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते, आणि निरोपाच्या भाषणांत त्या चौकाचं कौतुक होणार हे ठरलेलंच होतं.

"का बसत नसतील?"

"ते नाही कळलं. बाकं चांगली आहेत, सावलीपण आहे."

"मग काम अर्धंच झालंय," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं, पण कुतूहल त्याहून मोठं होतं. हा त्यांचा जुनाच रोग. नकाशाची घडी खिशात घालून ते थेट चौकात गेले.

आधी बाकावर बसून पाहिलं. समोर कारंजं छान दिसत होतं. मग ते कठड्यावर एका म्हाताऱ्या बाईंशेजारी टेकले.

"जरा मागे सरा," बाई म्हणाल्या. "बस दिसत नाहीये."

ते मागे सरले. इथून रस्ता पार वळणापर्यंत दिसत होता. बाकांची पाठ नेमकी त्या वळणाकडे होती.

"बाकं रिकामी आहेत की, मावशी."

"तिथे बसलं की बस गेल्यावरच कळतं. ज्याने केलं, तो मेला कधी बससाठी थांबलाच नसेल."

प्राध्यापकांनी थोडा विचार केला. "नाही थांबला," ते म्हणाले. "त्याच्याकडे स्कूटर होती."

बस वळणावर दिसली तशा मावशी पिशवी सावरत उठल्या. प्राध्यापकांनी नकाशा मांडीवर उघडला, रिकाम्या जागेत आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि कठड्यावर, आपण बसलो होतो तिथे, एक ठिपका दिला.