पुलाअलीकडचा गुरुलिंग

शरणबसप्पानं काठीचं टोक पडद्यावरच्या शिपायाच्या छातीवर टेकवलं, घसा खाकरला आणि आरोळी ठोकली.

"तर मंडळी, ह्यो आपला गुरुलिंग!"

तंबूत हशा पिकला. पिकणारच. पडद्यावरचा गडी गोरापान, पायघोळ कोट घातलेला, गुडघाभर बर्फातून बंदूक ओढत चाललेला. उमरग्याच्या बाजारात तो कुणाला दिसला असता तर कुत्री मागं लागली असती. पण शरणबसप्पाची रीतच ती. परदेशी चित्र लागलं की पडद्याशेजारी काठी घेऊन उभं राहायचं, गोष्ट समजावून सांगायची आणि पात्रांना गावातली नावं द्यायची. परक्या नावाचा माणूस मेला तर लोक शेंगा फोडत बसतात, आपल्यातल्या नावाचा मेला तर हात थांबतो, असं त्याचं म्हणणं. प्रत्येक गावी तो आधी बाजारात हिंडून नावं कानावर घ्यायचा. हे नाव त्यानं न्हाव्यापुढं हजामतीला बसल्या बसल्या उचललं होतं.

चित्राची भाषा कुठली, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. लढाई संपल्यावर सिकंदराबादेच्या छावणीतलं सामान विकायला निघालं, त्यात हे डबे तंबूचा मालक दस्तगीर शेठ याच्या हाती लागले. डब्यांवरची अक्षरं कुणालाच लागेनात. शेठ वैतागला होता. लोकांना घोडी हवीत, चाबूक हवेत, पुराणातले चमत्कार हवेत. हे भलतंच काय आणून बसलो, म्हणून तो डबे आडत्याच्या गळ्यात मारायला निघाला होता. शरणबसप्पानं त्याचा हात धरला.

"शेठ, एक डाव नीट बघा तरी."

"काय बघू मियाँ? नाच नाही, गाणं नाही. बर्फात माणसं चालतायत, बस."

"पण कशी चालतायत, ते बघा की."

शेठनं कपाळाला हात लावला, पण डबे ठेवले.

लढाईच्या चित्राआधी एक छोटं चित्र लागायचं. सगळं हातानं काढलेलं. एक म्हातारी आभाळात बसून बर्फ विणते आणि खाली एकेका घरावर पांघरते, एवढीच गोष्ट. इकडच्या लोकांनी बर्फ कुठं बघितलाय? शरणबसप्पा सरळ कापूस म्हणून सांगायचा, अन् बायका खूश. त्याला स्वतःला मात्र त्या चित्रातल्या रेषा बघत राहावंसं वाटायचं. म्हातारी स्वस्थ बसलेली असली तरी तिची रेष किंचित हलायची. दूर कुठंतरी बसून कुणीतरी ही म्हातारी पुन्हा पुन्हा काढली असणार, अन् प्रत्येक वेळी बोट तितकंसं थाऱ्यावर राहिलं नसणार. त्या माणसाची त्याला फार माया वाटायची.

त्या पहिल्या दिवशी मोठं चित्र शेवटाला आलं. फौज नदीवरच्या दगडी पुलाकडं पळत होती. बाकीचे पार झाले. तो शिपाई मागं राहिलेल्या एका घोड्याला सोडवायला वळला आणि गोळी लागून पुलाच्या अलीकडं कठड्याला टेकून खाली बसला. डावा हात छातीशी गेला. मान कलली.

"गोळी छातीत लागली मंडळी," शरणबसप्पानं आवाज खाली घेतला. "छाती धरली त्यानं. गुरुलिंग गेला!"

"यव्वा गं!"

हाक बायकांच्या बाजूनं आली. चित्र संपलं, बत्ती लागली, लोक धोतरं झटकत उठले. कनातीजवळ एक म्हातारी तेवढी तशीच बसून होती. बाजूच्या दोघीतिघी तिला उठवत होत्या, आणि शरणबसप्पाकडं अशा बघत होत्या की त्याला काठी कुठं लपवू असं झालं.

सकाळी तीच म्हातारी तंबूपाशी आली. नऊवारी धुवट, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंगाचा शिवदार. शरणबसप्पानं हात जोडले.

"शरणार्थी, अव्वा."

"शरणार्थी. माज्या लेकाचं नाव तुमाला कुणी सांगितलं?"

न्हाव्याकडं ऐकलेलं नाव कुणाचं, कशाबद्दल निघालं होतं, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

म्हातारी नागम्मा. तिचा गुरुलिंग गिरणीत काम बघतो म्हणून मोगलाई ओलांडून सोलापूरला गेला आणि तिथून इंग्रजांच्या पलटणीत भरती झाला. लढाई संपली. बरोबरचा एकजण परत आला. त्यानं सांगितलं, की कुठल्याशा नदीच्या अलीकडं गुरुलिंग त्याच्याबरोबर होता, पलीकडं काही दिसला नाही. मेला म्हणून कुणी कळवलं नाही आणि जिवंत आहे म्हणूनही नाही.

"चुकलं माजं अव्वा. म्या आज दुसरं नाव घेतो."

नागम्मा पदर सावरून निघून गेली.

संध्याकाळी ती पुन्हा हजर. तिला बघून शरणबसप्पा पडद्याच्या कडेला सरकला. शिपाई पडद्यावर आला तेव्हा त्यानं काठी उचलली आणि ठरवल्याप्रमाणं म्हणाला, "ह्यो आपला महारुद्र!"

"गुरुलिंग," अंधारातून आवाज आला.

काही टारगट पोरं हसली. मग आपोआप गप्प झाली.

"व्हय, गुरुलिंग," शरणबसप्पा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

शिपाई चालला, पाव खाल्ला, घोड्याच्या मानेवर थापटी मारली. पूल दिसायला लागला तशी नागम्मा उठली आणि बाहेर निघून गेली. मग तो तिचा नेमच झाला. रोज यायची, कापूस पांघरणारी म्हातारी बघायची, गुरुलिंग चालताना बघायची आणि पुलाच्या आधी उठायची. काल मेलेला माणूस आज पुन्हा पाव खातोय, यात तिला काही वावगं वाटत नसावं. वावगं वाटायला लागलं ते शरणबसप्पाला. किती गावांत त्यानं ह्या शिपायाला मारलं होतं, झोपेत एकदाही दचकला नव्हता. आता तो शिपाई चालता चालता मागं वळून बघायचा, तेव्हा ती नजर सरळ बायकांच्या बाजूला जाते असं त्याला वाटायचं. पहिल्यापासून तो तसाच वळत होता का? त्यानं यंत्रवाल्याला विचारलं. यंत्रवाला म्हणाला, "अण्णा, जरा कमी तंबाखू खात जा."

एके दुपारी तो तंबूत एकटाच तुटलेली फीत जोडत बसला होता. दारात सावली पडली. तिशीच्या आतली एक बाई, तिच्यामागं फेटेवाला पुरुष. बाई आत आली, पुरुष बाहेरच थांबला.

"म्या नागम्माची सून. नीलम्मा. बाहेर माजा भाऊ हाय, गुंडाप्पा."

"बसा."

ती बसली नाही.

"भाऊ न्यायला आलाय. कळंबाकडचं एक ठिकाण हाय, पाट लावून द्यायचा म्हंतोय. माणूस बिजवर हाय, पण चांगला हाय म्हनं. उद्या सकाळी गाडी निघणार. त्ये लोक काय आता थांबत न्हाईत."

"मंग जा की माय. अडलंय कुठं?"

"आत्याबाईचं तोंड आडवं येतंय. ल्योक गेला, असं तिनं एकदा म्हणावं. ती म्हणल्याबगर म्या उंबरा वलांडायची न्हाय. मला जायचंय अण्णा. सांगायला लाज वाटती, पण जायचंय. सा वर्सं झाली, रोज रात्री दुघी जनी दाराला कडी न लावता निजतो. त्यो आला तर म्हून." तिनं पदरानं तोंड दाबलं, मग काढलं. "आन ती हितनं घरी येती आन म्हंती, आज बी चालत होता गं."

शरणबसप्पानं फितीची दोन टोकं एकमेकांवर धरली.

"आज म्या तिला धरून बसवते. तुमी मोठ्यानं सांगा, गुरुलिंग मेला म्हून. पुना पुना सांगा."

"माज्या तोंडून? म्या कोण सांगणार माय?"

"नाव तुमीच दिलंत न्हवं?"

ती गेली. फीत वाकडी चिकटली आणि त्याला ती पुन्हा सोडवावी लागली.

त्या संध्याकाळी पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब आलेले, म्हणून पुढं खुर्ची मांडलेली. तंबू भरला होता. शरणबसप्पानं बायकांच्या बाजूला बघितलं. नागम्मा नेहमीच्या जागी, तिच्या शेजारी नीलम्मा. कनातीच्या अल्याड गुंडाप्पा.

कापूस विणून झाला. लढाई सुरू झाली. शरणबसप्पा बोलत होता, पण आज त्याचं लक्ष शब्दांवर नव्हतं. पूल आला. नागम्मा उठायला लागली. नीलम्मानं तिचं मनगट धरलं. म्हातारी अर्धवट उभी, सून बसलेली, दोघींमधलं ते मनगट काही क्षण तसंच राहिलं. मग नागम्मा खाली बसली.

गोळी सुटली. शिपाई कठड्याला टेकला.

आता सांगायचं. शरणबसप्पानं तोंड उघडलं. शब्द तयार होते, शंभरदा म्हटलेले. पण आज ते काही केल्या बाहेर पडेनात. तंबूत नुसती यंत्राची घरघर. लोक त्याच्याकडं बघायला लागले. अमीनसाहेब खुर्चीत वळले. शेठनं मागून दबक्या आवाजात शिवी हासडली. काठी हातातच राहिली.

"पडला न्हाय त्यो."

नागम्मा उभी होती. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"आडवा पडला न्हाय माजा गुरुलिंग. बसून गेला. बगा. आपल्यातला माणूस जातो तसा बसून. आन हात बगा त्याचा. छाती न्हाय धरली त्यानं. गळ्यातलं लिंग काढून डाव्या हातात घेतलंय."

शरणबसप्पा पडद्याकडं वळला. इतक्या गावांत त्यानं हे चित्र दाखवलं, आणि तो हात कधी नीट बघितला नव्हता. छातीत गोळी, म्हणून छातीला हात, इतकंच. आता त्यानं बघितलं. शिपायानं कोटाच्या आतून खरंच काहीतरी ओढून काढलं होतं आणि डाव्या मुठीत घट्ट धरलं होतं. आपल्या माणसाला मातीत बसवताना डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात, तस्संच. शरणबसप्पाचा हात आपोआप स्वतःच्या शिवदाराकडं गेला.

तो पडद्याला अगदी खेटून उभा होता. मान कलली, मूठ सैल झाली, आणि बोटांच्या फटीतून एक बारीक साखळी आणि तिला अडकवलेला क्रूस त्याला स्पष्ट दिसला. मागं बसलेल्यांना तो दिसणं शक्य नव्हतं.

"दिसलं का अण्णा?" नागम्मानं विचारलं. "लिंगच हाय न्हवं हातात?"

सगळा तंबू त्याच्या तोंडाकडं बघत होता. नीलम्माही.

"लिंगच हाय अव्वा," शरणबसप्पा म्हणाला.

"मंग माज्या लेकाचं सोनं झालं," नागम्मा म्हणाली. "गेला गं नीले. गुरुलिंग गेला."

नीलम्मानं हंबरडा फोडला. दिवसभर जिला हेच ऐकायचं होतं ती सासूच्या कमरेला मिठी मारून लहान पोरीसारखी रडायला लागली. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांना पाणी नव्हतं.

लोक निघून गेले. जाताना नेहमीसारखी कलकल नव्हती. तंबूच्या दारात नागम्मानं गुंडाप्पाला बोलावलं.

"सकाळी घिऊन जा हिला. कुणी इच्चारलं तर सांगा, सासूनं डोळ्यांनी बगितलं, मंग धाडली."

गुंडाप्पानं वाकून तिच्या पायांना हात लावला. तो बहिणीला धरून रस्त्याकडं गेला.

शरणबसप्पा कनातीची दोरी सोडत होता. खरं सांगायचं तर तो म्हातारीची नजर चुकवत होता. आपण भरल्या तंबूत खोटं बोललो, तेही लिंगाबद्दल, ही बोच त्याला लागली होती. आपण तिला फसवलं, आणि ती बिचारी समाधान घेऊन चालली, असं त्याला वाटत होतं. नागम्मा चार पावलं पुढं गेली आणि परत आली.

"अण्णा, एक इच्चारू?"

"इच्चारा की अव्वा."

"त्या पोराच्या आईला कुणी कळवलं आसंल का हो?"

"कुनाच्या?" त्याला उमजेना. "गुरुलिंगाच्या?"

"न्हाय वो. त्या पडद्यावरच्या." तिनं अंधारातल्या पांढऱ्या पडद्याकडं बोट केलं. "कुण्या मुलखाचं लेकरू, कुण्या देवाचं नाव हातात धरून गेलं. तिला कळलं आसंल, का ती बी कडी न लावता निजत आसंल?"

शरणबसप्पाच्या हातातून दोरी सुटली. नागम्मा मात्र त्याच्या तोंडाकडं बघत तिथंच थांबून राहिली.