तीन मानांचा वजिफा

रकाना १. अर्जदाराचे नाव

हा रकाना पंधरा दिवस कोरा होता. दुसऱ्यापासून सुरुवात करू.

रकाना २. वजिफा कोणाचा, कशासाठी

वजिफा म्हणजे शिष्यवृत्ती, बिदरच्या एका कापूस व्यापाऱ्यानं मरताना मागं ठेवलेली. दरसाल एका मुलानं हैदराबादेत कॉलेज शिकावं, चार वर्षं वसतिगृहात जेवावं आणि जेवताना व्यापाऱ्याची आठवण काढावी, अशी त्याची शेवटची इच्छा. मुलगा नुसता हुशार नको होता. हुशार माणसं व्यापाऱ्यानं जन्मभर पाहिली होती, ती सगळी त्याचीच मुनीम होती. म्हणून छापील अर्जात तीन गुण मागितले होते: चिकाटी, नेतृत्व, सेवा. प्रत्येकासमोर दोन बोटं रुंदीची जागा. खाली ठळक अक्षरात: गावच्या पाटलानं चावडीत भरून द्यावा.

१३४५ फसलीच्या, म्हणजे १९३६च्या उन्हाळ्यात हा अर्ज खटकचिंचोळीपासून दीड कोसावरच्या एका गावात येऊन पडला. शंभर-सव्वाशे उंबरे. हैदराबाद पाहिलेली माणसं चार, त्यातली तीन खटल्यासाठी गेलेली.

रकाना ३. शिक्षण

मॅट्रिक झालेला गावात एकच, काशप्पा. त्याची आई रुद्रम्मा चुरमुऱ्याची भट्टी चालवायची. भालकीत मठात जेवून आणि एका दुकानाच्या फळीवर झोपून तो शिकला आणि पहिल्याच फटक्यात पास झाला. प्लेगच्या साली गाव शेतातल्या झोपड्यांत जाऊन राहिलं, तेव्हा आजाऱ्यांच्या दारात घागर ठेवायला कुणी जात नव्हतं. काशप्पा जायचा. एकटा दमला तेव्हा त्यानं गावातली आठ पोरं जमवली. ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, म्हणूनच ती कुणाला आठवली नाही.

भालकीच्या जिनिंग फॅक्टरीनं त्याला काट्यावर कारकून म्हणून बोलावलं होतं. मृग निघायच्या आत हो की नाही सांगायचं होतं. जन्मभर कापसाची गाठोडी तोलायची की हैदराबादेला जायचं, हे ह्या कागदावर होतं.

रकाना ४, ५ आणि ६ एकदम, कारण चावडीनंही ते एकदमच घेतले

अर्ज उर्दूत होता. पटवाऱ्यानं वाचून मराठीत सांगितला, मागं बसलेल्यांनी आपसांत कानडीत सांगितला. गुण तिन्ही भाषांत तीनच भरले.

"तीन हायेत व्हय?" पोलीस पाटील हणमंतराव म्हणाले. "मंग सोपं हाय."

सोपं अशासाठी, की गावच्या जत्रेत मान तीन होते. नारळाचा मान हणमंतरावांच्या घरचा. झेंड्याचा मान सारावसुली बघणारे माली पाटील अंकुशराव यांचा. ते हणमंतरावांच्याच भावकीतले. मशालीचा मान रुद्रम्माच्या घरचा. सरकारातून काहीही आलं की ह्याच क्रमानं वाटायचं. तीन कंदील आले तेव्हा असेच वाटले होते. देवी टोचणारा आला तेव्हा पहिली सुई हणमंतरावांनी मानानं टोचून घेतली आणि चार दिवस मानानं तापानं फणफणले.

"चिकाटी आमच्या किशनरावाची," हणमंतरावांनी आपल्या मुलाचं नाव सांगितलं. "पोरगं चार बार मॅट्रिकला बसलं. ह्यो काशप्पा किती बार बसला?"

"एकदा," पटवारी म्हणाला.

"बगा. एकदाच बसनाऱ्याला चिकाटी कुठली?"

पटवाऱ्यानं किशनराव लिहिलं, पुढं बारीक अक्षरात: चार वेळा नापास.

"नेतृत्व माझं," अंकुशराव म्हणाले.

"माली पाटील, तुमचं वय पंचावन्न. हे कॉलेजात जायचं हाय."

"मी कुठं जायलोय? निस्तं नाव लिव. झेंडा धरून चाळीस वर्सं झाली, कागदावर एकदाबी आलं न्हाई."

पटवाऱ्यानं अंकुशराव लिहिलं, वयासकट. सेवा उरली, ती मशालवाल्यांची. तिथं काशप्पा.

दाराशी उभी असलेली रुद्रम्मा म्हणाली, "अण्णा, तिन्ही गुन एकाच पोराचे लिवायचे हायेत. कागदावर तसं छापलंय म्हनं."

हणमंतराव रागावले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं.

"अक्का, एकाच घरानं नारळ फोडायचा, झेंडा न्यायचा, मशालबी धरायची, मंग बाकीच्या गावानं जत्रंत काय करायचं? रेवड्या खायच्या?"

ह्याचं उत्तर तीनशे वर्षांत कुणाला सापडलं नव्हतं.

पुन्हा रकाना १

कमिटीसमोर बिदरला जाणार एकटाच, आणि जो जाईल त्याचंच नाव पहिल्या रकान्यात. हणमंतराव म्हणाले किशनराव. अंकुशराव म्हणाले, झेंड्याशिवाय नारळ कधी पुढं गेलाय का? ह्यावर अकरा दिवस गेले. शेवटी जत्रेचाच कायदा लावला: पहिल्या मानाचं घर जाईल. त्या घरात सुतक असेल तर मान पुढच्या घराकडे. आणि एकदा शीव ओलांडली की मान मागं फिरत नाही.

जाताना नाव लिहायचं ठरलं. गाडी बुधवारी सकाळी.

पुरवणी (अर्जात जागा नाही)

किशनराव चोवीस वर्षांचा होता. बैलाच्या जिभेकडे बघून त्याचं दुखणं सांगायचा. माणसाच्या पुस्तकातलं मात्र त्याच्या डोक्यात काही ठरत नसे, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. नाव ठरलं त्या संध्याकाळी तो भट्टीवर येऊन बसला.

"काशप्पा, मला न्हाई जायचं. हैदराबादेत बैल कुठं बांधतेत?"

"मंग तुज्या आप्पाला सांग की."

"आप्पाला सांगता आलं असतं, तर चार बार नापास कामून झालो असतो?"

काशप्पा कढईतली तापलेली वाळू हलवत राहिला. मग वैतागून म्हणाला, "आता तुमच्या भावकीत कुनी मेलं तरच मान फिरनार."

रुद्रम्मानं झारा कढईवर आपटला. "तोंडं धुवा दोघंबी. कुनी मरावं म्हनून बसायचं व्हय रे?"

काशप्पा ओशाळला. किशनराव मात्र वर बघत राहिला. दुबलगुंडीला त्याची चुलत पणजी सोजराबाई होती. वय नव्वदीच्या पुढं. तिच्या शेवटच्या भेटीला भावकी आजवर नऊ वेळा जाऊन, जेवून परत आली होती.

पुरवणीची पुरवणी

दुबलगुंडी पाच कोस. किशनराव पहाटे निघायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. पहिल्या दिवशी सोजराबाई बाजेवर बसून शेंगा फोडत होती.

"कामून आलास रे?"

"सहज. तब्येत कशी हाय?"

"बरी हाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "तब्येत?"

"कालच्यापरीस बरी."

तिसऱ्या दिवशी तो घामानं निथळत उंबऱ्यावर टेकला, तेव्हा तिनं शेंगांची परात बाजूला सारली.

"खरं बोल. मी मरायलेय का न्हाई, ते बगाय येयलास ना?"

किशनराव रडायलाच लागला. अर्ज, मान, चिकाटी, बैल, सगळं सांगितलं. भट्टीवाल्या रुद्रम्माचा पोरगा जायला पाहिजे, हेही सांगितलं.

"प्लेगात मला पानी देनारा तोच ना?" सोजराबाईनं विचारलं. ती तेव्हा गावातच अडकली होती.

"व्हय. तोच."

म्हातारीनं बराच वेळ एकच शेंग चावली.

"मरायला मला आत्ता सवड न्हाई. उन्हाळी वाळवन व्हायचंय. पर आज सकाळी माज्या डोक्यावर कावळा बसला."

"कवा?"

"तू बसवशील तवा. ऊठ, निरोप्याला बोलाव."

ह्या मुलखात डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाचं बोलावणं. ते टाळायचं तर एकच उपाय: ते माणूस मेलं, अशी खबर भावकीला धाडायची. भावकीनं खरं समजून रडायचं, आंघोळी करायच्या. खोट्या मरणावर खरी आसवं पडली की खरं मरण माघारी जातं. मग दिवस मावळायच्या आत दुसरा निरोप, की माणूस जिवंत आहे. कुणी रागवायचं नाही. साखर वाटायची.

जोडपत्र : मयताची खबर

बुधवारी सकाळी गाडी जुंपलेली असताना निरोप्या चावडीवर आला. सोजराबाई गेली.

पहिला हंबरडा हणमंतरावांनी फोडला, कारण तोही मान त्यांचाच. अंकुशराव दुसरे. नंतर बायका. नऊ वेळा साठवलेलं रडू एकदम बाहेर आलं आणि ते खरंच मनापासून होतं.

अर्ज चावडीच्या फळीवर पडला होता. हणमंतरावांचा हात तिकडं गेला आणि आखडला.

"सुतक," पटवारी म्हणाला.

"मंग पुढलं घर," कुणीतरी म्हणालं.

अंकुशरावांच्या डोक्यावरून आंघोळीचं पाणी गळत होतं. "आमी एकाच भावकीचे. झेंड्यालाबी सुतक."

"मंग मशाल?"

"थांबा," हणमंतराव डोळे पुसत म्हणाले. "पाटलाच्या घरचं मयत म्हंजे सगळ्या गावाला सुतक. आमचा बाप गेला तवा ठरलंय ते." ठरवलं त्यांनीच होतं. तेव्हा दहा दिवस गावात लग्नाची हळदसुद्धा वाटू दिली नव्हती.

रुद्रम्मा पुढं आली. तिनं पदराखालचं, लिंग ठेवायचं चांदीचं करडगं चाचपलं.

"अण्णा, आमच्यात सुतक न्हाईच की. लिंग अंगावर हाय, त्याला कसला विटाळ? तुमच्या बापाच्या बारीला मी भट्टी बंद केली न्हाई, तर तुमी सगळ्या गावात सांगत फिरलाव, ह्या लोकांना सुतक न्हाई म्हनून. आता त्येच सांगा."

हणमंतरावांनी पटवाऱ्याकडे पाहिलं. पटवाऱ्यानं पंचांगाकडं पाहिलं. पंचांगात लिंगायतांचा रकाना नव्हता.

"अर्ज कोरा जाऊ नये," पटवारी हळूच म्हणाला. "गावाचा मान जाईल."

हे वाक्य हणमंतरावांना लागलं. गावाचा मान जाण्यापेक्षा आपला जाणं बरं, असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं, आणि तेवढ्या वेळापुरतं नेतृत्व म्हणजे काय ते चावडीला दिसलं.

"लिव," ते म्हणाले.

पटवाऱ्यानं पहिल्या रकान्यात काशप्पा लिहिलं. बाकीचे रकाने होते तसेच ठेवले. वेळ नव्हता.

शिवेवर किशनराव वडाखाली ओल्या धोतरानं उभा होता. गाडीला हात लावता येत नव्हता, म्हणून लांबूनच बैलांना बोलत होता.

"वाईट झालं रे, म्हातारी गेली," काशप्पा गाडीतून म्हणाला.

"कुठं गेली? शेंगा खायलीया." मग शीव मागं पडेपर्यंत, गाडीच्या बाजूनं चालत, त्यानं सगळं सांगितलं.

दिवस मावळायच्या आत दुसरा निरोप आला. हणमंतरावांनी तो ऐकला, एकदा बिदरच्या वाटेकडं पाहिलं, आणि साखर वाटली. पहिला चिमटा आपणच खाल्ला.

कमिटीचा शेरा

बिदरला टेबलामागं तीन सभासद होते. मधल्यानं अर्ज उलटासुलटा केला.

"एका अर्जावर तीन नावं?"

"आमच्या गावात एकट्याला तीन मान घेता येत न्हाईत साहेब."

"चिकाटी: किशनराव. चार वेळा नापास. ही चिकाटी?"

"न्हाई साहेब. नाव बरोबर हाय, कारन चुकलंय. तीन दिवस रोज दहा कोस चालला. मला वजिफा मिळावा म्हनून."

"नेतृत्व: अंकुशराव. वय पंचावन्न."

"तिथं सोजराबाई पायजे. वय नव्वदच्या वर. घरी बसून, शेंगा फोडत, सगळ्या गावाला एका सकाळी पाहिजे तिकडं वळवलं."

"आणि सेवा?"

"कावळ्यानं केली."

सभासदांनी सगळी हकीकत ऐकली. उजवीकडचा हसत होता. डावीकडच्यानं गंभीरपणे विचारलं, "कावळा खरोखर बसला होता का? खोट्या पुराव्यावर वजिफा देता येणार नाही."

"ते सोजराबाईलाच ठावं."

"ते सगळं ठीक," मधला म्हणाला. "पण ह्यात तुझं काय?"

काशप्पाच्या डोळ्यांपुढं घागरी आल्या. झोपड्यांची दारं आली. पण ते सांगायचं तर दोन बोटांची जागा, आणि ती आपल्या तोंडानं भरायची त्याला लाज वाटली.

"मी मॅट्रिक पास हाय साहेब. एकदा बसून. त्यालाबी एखादा रकाना असला तर बगा."

रकाना नव्हता. कमिटीनं पाऊण तास तो शोधला. शेवटी मधल्यानं विचारलं, "ह्या नावांपैकी इथं हजर कोण?"

"मीच."

"मग हजर आहे त्याला द्या," मधला म्हणाला, आणि चहा मागवला.

पोच

वजिफ्याचं पत्र गावात आलं तेव्हा काशप्पा फॅक्टरीला नाही सांगायला भालकीला गेला होता. रुद्रम्माला ते किशनरावानं वाचून दाखवलं. बोट ठेवत, अडखळत, पण शेवटपर्यंत वाचलं.

"चार वर्सं?" रुद्रम्मानं विचारलं.

"चार."

तिनं पत्र चुरमुऱ्याच्या डब्याखाली ठेवलं, मग काढलं, मग करडग्याला लावलं आणि पुन्हा डब्याखाली ठेवलं. डोळे पुसून ती भट्टीशी वळली.

"आनि चार वर्सं भट्टीची लाकडं कोन फोडनार रे?"

किशनरावानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. आप्पा दिसत नव्हते. त्यानं कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

हा मान कोणत्या घरचा, ते गावानं अजून ठरवलं नव्हतं.