उन्हाळ्याचं आतडं

हवामान खात्याचा निरोप फोनवर आला तेव्हा तलासो दिबाला पुसत होती. सकाळपासूनची ही चौथी वेळ. सात महिन्यांचं पोर, आणि फडक्यात नुसतं पिवळं पाणी.

निरोप तिनं दोनदा वाचला. डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे इकडचा उन्हाळा, नेहमीपेक्षा कडक. हुरीच्या डोंगरांवर पाऊस न होण्याची शक्यता दहात सात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं कायमच्या पाण्याजवळ ठेवावीत. हे शेवटचं वाक्य तिनं आणखी एकदा वाचलं.

कायमचं पाणी म्हणजे कलाचाचा झरा, घरापासून हाकेच्या अंतरावर. मचूळ, पण कधी आटला नाही. गवत मात्र संपलं होतं, शेळ्या ताडाखालचा पाचोळा चघळत होत्या. गवत होतं डोंगरांवर. तिचा नवरा गल्गालो दोन महिन्यांपूर्वी बरेचसे उंट घेऊन तिकडेच गेला होता. पण डोंगरांवर झरा नाही, पावसाची डबकी साठली तर साठली. आणि मध्ये चाल्बीचं पांढरं मिठाचं मैदान, दोन दिवसांची चाल. वस्ती उठवायची की इथंच राहायचं, ते आता ठरायचं होतं.

बाभळीखाली म्हातारे बसले होते. तलासोनं निरोप वाचून दाखवला. मार्साबित शहरात जनावरांच्या दवापाण्याचं दोन वर्षं शिकलेली सून म्हणून तिला एवढा मान होता. सगळ्यांनी नीट ऐकलं. मग तिच्या नवऱ्याचा चुलता एलेमा दाढी खाजवत म्हणाला, "वाचलंस छान. आता सांग पोरी, तुझ्या फोनला आतडं आहे का?"

"नाही, आबा."

"मग त्याला तहान लागत नसणार. ज्याला तहान लागत नाही, त्यानं आम्हाला पाऊस शिकवावा!"

म्हातारे खो खो हसले. तलासोही हसली, हसावंच लागतं.

ऋतू सांगायचा तो बोकडानं. त्याची आतडी कातड्यावर पसरायची आणि एलेमानं वाचायची. बोकड वस्तीतच जन्मलेला, वस्तीचंच पाणी प्यालेला हवा. विकत आणलेला बोकड विकणाऱ्याच्या घरचं बोलतो. या खेपेला पाळी तलासोच्या वाडग्याची होती. तीन दिवसांनी, सूर्य उगवताना.

संध्याकाळी ती साखर घातलेला चहा घेऊन एलेमाकडे गेली.

"आबा, दिबाला चार दिवस जुलाब होतायत. डोंगरावर पाणी मिळालं नाही तर तो राहायचा नाही. तुम्ही 'इथंच थांबा' म्हणालात तर कोण विचारणार आहे?"

एलेमानं चहा संपवला. खाली उरलेली साखर बोटानं चाटली.

"माझा पहिला मुलगा जायचा होता तेव्हा त्याचं मरण आतड्यात दिसलं होतं. मी मोठ्यानं वाचलं. त्याची आई समोर बसून ऐकत होती. तेव्हा खोटं बोललो नाही. आता तुझ्यासाठी बोलू?"

त्या रात्री तलासोनं मनाशी ठरवलं. बोकड तिनं घरामागे उन्हात बांधला आणि दोन दिवस पाण्याचा थेंब दाखवला नाही. हिशेब साधा होता. आतडी सुकतील, नसा काळ्या पडतील, म्हाताऱ्याला दुष्काळ दिसेल. दुष्काळात कोण चालत जातं? शिकलेलं कामी आणत ती मधूनमधून बोकडाच्या मानेला चिमटा काढून पाही. अंगात पाणी असलं की कातडी चट्कन बसते. दुसऱ्या दुपारी चिमट्याची घडी तशीच उभी राहिली. ती दिबाला पाजायला बसली की बोकड एकटक बघत राही.

"अगं, हा ओरडत कसा नाही?" जाऊबाई दार्मीनं विचारलं.

"घसा बसलाय."

"बरंय. शिकलेल्या बाईचा बोकड, मोजकंच बोलायचा."

वाचनाच्या सकाळी एलेमाचं बोट आतड्यावरून इतकं हळू फिरत होतं की माणसं श्वास धरून बसली.

"इतकं कोरडं मी आजवर पाहिलं नाही," तो म्हणाला. "नसा काळ्या. कोठा रिकामा. पाणी नाही, कुठंच नाही."

"म्हणजे जायचं नाही ना?" तलासो बोलून गेली. पुरुषांच्या बैठकीत बाई मध्येच बोलली म्हणून माना वळल्या.

एलेमानं वर पाहिलं. "बोकड कुठला?"

"आपल्याच वाडग्यातला."

"मग तो कुणाच्या घरचं बोलणार? डोंगराच्या? बाई, कोरडं पडलंय ते हे घर. इथं मरण येऊन बसलंय. उद्या पहाटे वस्ती उठेल."

माणसं पांगली. तलासो तिथंच उभी राहिली. एलेमा वाळूनं हात घासत होता.

"आबा, मी त्याला पाणी दिलं नव्हतं. दोन दिवस."

"ठाऊक आहे. कातडं सोलतानाच कळलं."

"मग?"

"मग काय? आतडं कुठं खोटं बोललं? झऱ्याच्या काठावर जनावर तहानेनं मारतात, ते घर कोरडं नाही तर काय?"

"पोरासाठी केलं हो, आबा!"

"जा, घर उतरव. उंट कुणासाठी थांबत नाहीत."

तिनं घर उतरवलं. चटया गुंडाळल्या, वाकवलेल्या काठ्या सोडल्या, सगळं उंटावर चढलं. एकटीनं मागे राहायचं तर कुणाच्या आधारानं? दुभत्या सांडण्याही चालल्या होत्या.

मिठाच्या मैदानावर दुसऱ्या दिवशी दुपारी दिबा रडायचा थांबला. तोंड उघडं, डोळे कोरडे. तलासोला उपाय येत होता: पाणी, साखर, चिमूटभर मीठ. मीठ तर पायाखाली क्षितिजापर्यंत पसरलं होतं. दार्मीनं पदराची गाठ सोडून होती नव्हती ती साखर तिच्या हातावर ओतली. तलासो बोटानं थेंब थेंब पाजत चालली. त्यानं सगळं ओकून टाकलं. पुन्हा पाजलं, पुन्हा ओकला.

मग तिनं त्याच्या पोटाला चिमटा काढला. दहापर्यंत मोजलं. घडी तशीच उभी.

सूर्य कलायच्या आत तो गेला. मिठावर दगड कुठले? दार्मीनं आपल्या उंटावरचे चुलीचे तीन दगड काढून दिले. खड्डा लहान होता, तीन दगड पुरले.

डोंगरावर पोचले त्या संध्याकाळी गल्गालोनं "पोरगं कुठाय?" एवढं एकदाच विचारलं. नवव्या दिवशी पाऊस आला. दहात तीनच वेळा यायचा तो आला, आणि असा आला की खाचखळगे भरून वाहिले, गवत गुडघ्याला लागलं. उलट कलाचाकडून आलेल्या माणसांनी सांगितलं की तिकडे झऱ्यावरच थांबलेल्या दुसऱ्या वस्त्यांच्या शेळ्या मरताहेत.

"तलासोच्या बोकडानं तारलं!" जो तो म्हणू लागला. म्हाताऱ्या बायका घरी आल्या. आशीर्वाद म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर थुंकी शिंपडली. तिनं मान खाली घालून ती घेतली.

डबकी आटू लागली तसा फोनवर पुढच्या ऋतूचा निरोप आला. तिनं तो झाडाखाली वाचून दाखवला. या वेळी कुणी हसलं नाही.

"बोकड तलासोच्याच वाडग्यातला घेऊ," एलेमा म्हणाला. "तिचा कळप तोंडाचा खरा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. ती उठली तसं त्यानं तिच्याकडे न बघता जोडलं, "पाणी पाजून आण."

बोकड डबक्यावर पोट टुमटुमीत होईपर्यंत प्याला. तलासोनं त्याच्या मानेला चिमटा काढला. कातडी चट्कन बसली. तिनं पुन्हा काढला. पुन्हा बसली. बोकड अंग झाडून दूर गेला, तरी ती दोरी धरून त्याला जवळ ओढत राहिली.