तीन कोरे दिवस

माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा होता तेव्हा त्याला कायम बद्धकोष्ठाचा त्रास असायचा. बाबा त्याला चिक्कू म्हणत. "काही सुटतच नाही लेकाकडून!" बाबा एका दवाखान्यात कंपाउंडर होते. नोंद असेल तेच खरं, असा त्यांचा खाक्या. संडासाच्या दाराला त्यांनी सातही वार लिहिलेली पाटी टांगली होती. चिक्कूला शी झाली की मी त्या वारापुढे खडूने रेघ ओढायची. आई-बाबा दोघंही कामावर, त्यामुळे शाळेनंतर तो माझ्या ताब्यात. मी दहा वर्षांची.

त्या आठवड्यात मी एका जाड पुस्तकात बुडाले होते. "ताई, झाली, ये ना!" अशी हाक आली की उठायचे, एका हातात पुस्तक धरून त्याला धुवायचे. रेघ नंतर ओढू, म्हणायचे.

गुरुवारी तो बेंबी धरून बसला. जेवला नाही, दोनदा ओकला. बाबांनी आल्या आल्या पाटी बघितली.

"तीन दिवस कोरे? खरंच काही नाही?"

खरं सांगितलं असतं तर पुस्तक गेलं असतं. मी म्हटलं, "नाही."

"अंग तापलंय त्याचं," आई म्हणाली. "डॉक्टरांना दाखवू या ना."

"अगं, तीन दिवसांचा माल अडकलाय, तापेल नाही तर काय!"

बाबांनी त्याचं नाक दाबून एरंडेल पाजलं.

सकाळी दुखणं उजवीकडे खाली सरकलं होतं. तो पाय पोटाशी घेऊन पडून राहिला, कुणाला हात लावू देईना. दुपारी कळ एकदम थांबली. "बघ, आला गुण," बाबा आईला म्हणाले. संध्याकाळी पोट फळीसारखं कडक झालं.

"अपेंडिक्स फुटलंय," सर्जन म्हणाले. "इतक्या लहान वयात फार लवकर फुटतं. आणि वर जुलाबाचं औषध कुणी दिलं?"

"मी," बाबा म्हणाले.

चिक्कू महिनाभराने घरी आला. त्यानंतर बाबांनी शेजाऱ्यांना साधी डोकेदुखीची गोळीही सांगितली नाही. "डॉक्टरांना विचारा. मी पोटच्या पोराला मारायला निघालो होतो," म्हणायचे. चिक्कूच्या लग्नातसुद्धा व्याह्यांना हसत हसत हेच सांगितलं. तीस वर्षं. दर वेळी मी तिथेच असायचे, आणि काही तरी निमित्त काढून उठायचे. रेघा असत्या तरी त्यांनी एरंडेल दिलं असतं का, कोण जाणे. पण 'पाटीनेच मला फसवलं' असं स्वतःला म्हणायची संधी मी त्यांना दिली नाही.

गेल्या महिन्यात बाबा गेले. त्यांचं कपाट आवरताना मी चिक्कूला सगळं सांगितलं. तो शर्टाच्या घड्या घालत होता.

"दहा वर्षांची होतीस गं तू," तो म्हणाला. मग हातातला शर्ट घडी घालून बाजूला ठेवला.

"पण मला काय सांगतेस? मी वाचलो. त्यांना सांगायचं होतंस, ताई."

मी म्हटलं, "हो."