आर्नेकाकांच्या छातीवरचा डबा

शोभाताईंचा हात कधी स्वस्थ बसायचा नाही. मिरजेच्या एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्या लावून रिटायर झालेली बाई ती. अमेरिकेत ईडन प्रेरीला मुलाकडे येऊन आठवडा होत नाही तोच सुनेच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे उभे राहिले. अबोली गुणी पोर, बोलली काहीच नाही. फक्त सकाळी चहा करताना साखरेसाठी तीन कपाटं उघडायची.

मंगळवारी शोभाताईंचा मोर्चा गॅरेजकडे वळला. तिथल्या फळीवर कुबट वास येत होता आणि तो येत होता एका ॲल्युमिनियमच्या डब्यातून. डबा जाडजूड पुस्तकाएवढा, आत खणाखणाला वेगळं झाकण, मागे गळ्यात आणि पाठीवर अडकवायचे पट्टे. शेजारच्या आर्नेकाकांचा. मुलाला, सिद्धेशला, त्यांनी मासेमारी शिकवली होती आणि हाताला सवय व्हावी म्हणून महिनाभर आपला डबाच वापरायला दिला होता. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या माश्या त्यात असत. ट्राउट मासा त्यांना खरा किडा समजून तोंड मारतो. आणि एवढं करून पकडलेला मासा हे लोक परत पाण्यात सोडतात! सोडायचाच तर पकडायचा कशाला, हे कोडं शोभाताईंना काही सुटलं नव्हतं.

रविवारी सिद्धेश नदीतल्या दगडावरून घसरून छातीभर पाण्यात बसला होता. सोमवारी पहाटे त्याला ऑफिसच्या कामाला शिकागोला पळायचं होतं, म्हणून डबा तसाच बंद फळीवर गेला. शोभाताईंनी उघडला तर खणाखणांत पाणी, आणि काही गळांवर तांबूस गंज.

"ओलं काही झाकून ठेवायचं नसतं, एवढं कळत नाही इंजिनिअरला!" त्या भिंतीला म्हणाल्या.

मग त्यांनी एकेक माशी चिमट्याने काढून खिडकीतल्या उन्हात कागदावर मांडली. जुन्या पातळाच्या फडक्याने खण पुसले, बिजागरीला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. चार माश्या गंजून वाया गेल्या होत्या, त्या एका वाटीत काढल्या. गुरुवारपर्यंत बाकीची पिसं अशी फुलून आली की बघत राहावं. मग त्यांनी सगळ्या माश्या परत लावल्या: काळ्यांत काळ्या, पिवळ्यांत पिवळ्या, लहानापासून मोठीपर्यंत. झाकण लावताना त्या स्वतःवर बेहद्द खूश होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी सिद्धेश परतला आणि डबा उघडून बघतच राहिला.

"आई, हे तू लावलंस?"

"लावलं म्हणून वाचलं. आतून गंजायला लागलं होतं."

"हो, ते ग्रेट केलंस. माझीच चूक, घाईत विसरलो. पण..." तो खुर्चीवर बसला. "आर्नेंना नीट दिसत नाही गं आता. डोळ्यांसमोर मधलं सगळं ब्लर असतं. कुठली माशी कुठल्या खणात, हे त्यांच्या बोटांना पाठ आहे. डबा छातीवर असतो ना, झाकण उघडलं की हात आपोआप तिथे जातो. उद्या ते लास्ट टाइम नदीवर जाणार आहेत. संडेला मुलगी न्यायला येतेय, ॲरिझोनाला."

"तुला ठाऊक असेल की, कुठे काय होतं."

"थोडंफार. सगळं नाही. आणि फोटोही नाही काढला, यार."

शोभाताईंचा चेहरा उतरला. त्यांना प्रयोगशाळेतला नवा शिपाई आठवला. त्याने एकदा कपाटं धुऊन बाटल्या आकाराप्रमाणे लावल्या होत्या. वर्ग समोर ताटकळत उभा आणि डोळे मिटून बाटली काढणाऱ्या शोभाताईंच्या हाती दरवेळी भलतीच बाटली. त्या बिचाऱ्याशी त्या दोन दिवस बोलल्या नव्हत्या. आणि आता त्यांनी स्वतः तेच केलं होतं, तेही एका म्हाताऱ्या माणसाच्या शेवटच्या दिवसासाठी. त्यांना मनापासून लाज वाटली.

"मी सांगतो, मी पडलो तेव्हा मिक्स झालं," सिद्धेश म्हणाला.

"काही नको खोटं बोलायला. मी येते उद्या."

दोन तासांच्या ड्राइव्हनंतर नदी आली. नदी कसली, आपल्याकडे ओढा म्हणतील एवढीच, पण पाणी काचेसारखं. ब्याऐंशी वर्षांचे उंच आर्नेकाका रबरी विजार चढवून उभे राहिले. त्यांनी डबा छातीवर बांधला, झाकण उघडलं, बोटं डाव्या कोपऱ्यात नेली आणि थांबले. पुन्हा चाचपलं. पुन्हा थांबले.

"काका, आय डिड," शोभाताई पुढे झाल्या. "नॉट सिद्धेश. वॉटर इनसाइड. आय ड्राय. देन आय पुट राँग." पुढचं इंग्रजी संपलं, म्हणून मराठीत म्हणाल्या, "मला तुमचा हात कळला नाही हो. मी डोळ्यांनी लावलं." सिद्धेशने भाषांतर केलं.

आर्नेकाकांनी पुन्हा डब्यात हात घातला. मग त्यांनी एक गळ बोटाच्या पेरावर घासून पाहिला. गंज नव्हता. ओला डबा मिटू नये हे हिला कुणी शिकवलं, त्यांनी विचारलं.

"लोणच्याने," शोभाताई म्हणाल्या. "ओला चमचा बरणीत गेला की वर्षाचं लोणचं गेलं."

सिद्धेशने ते सांगितल्यावर म्हातारा खो खो हसला. मग गाडीची डिकी उघडून तिच्या काठावर बसला आणि शोभाताईंना शेजारी बसवून डबा दोघांच्या मध्ये ठेवला. आर्नेकाका सांगू लागले, सिद्धेश मराठीत सांगू लागला आणि शोभाताई लावू लागल्या. बारकी काळी, पांढऱ्या पंखांची, डावीकडे वर. सकाळी हीच लागते. पिवळी आणि ती चपटी तपकिरी एकाच खणात. शोभाताईंनी प्रश्नार्थक पाहिलं. एकच किडा आहे तो, काका म्हणाले, तपकिरी म्हणजे पाण्याखालचं लहानपण आणि पिवळी म्हणजे पंख फुटल्यावरचं म्हातारपण. शोभाताईंनी त्यांना रंगावरून वेगळं केलं होतं. एक लाल, फिसकटलेली माशी मधल्या खणात एकटीच ठेवायची होती. ती काकांनी अकराव्या वर्षी बांधलेली, आणि आजवर एकाही माशाने तिला तोंड लावलेलं नव्हतं.

ऊन वर येईपर्यंत डबा लागला. आर्नेकाका पाण्यात उतरले. माश्या उडू नयेत म्हणून वाऱ्याकडे पाठ केली, एकच खण उघडला. डब्याकडे पाहिलंच नाही, तोंड नदीकडे, आणि बोटं थेट त्या बारक्या काळीवर. तासाभराने एक ट्राउट आला. काकांनी हात ओला करून त्याला धरला, जरा वेळ पाण्यात सांभाळला आणि जाऊ दिला. सोडायचा कशाला, हे शोभाताईंनी विचारलं नाही.

परतल्यावर आपल्या फाटकाशी उतरताना काकांनी डबा शोभाताईंच्याच हातात दिला. रात्रभर झाकणं उघडी ठेवून वाळव, म्हणाले, सकाळी मी घेऊन जाईन. आणि बोट उगारून हसत म्हणाले, पण कशालाही हात लावायचा नाही.

शोभाताईंनी डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत उघडा ठेवला आणि दोन पावलं मागे सरकल्या. अबोली चहा टाकत होती. तिने एक कपाट उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं.

"अबोली, साखर कुठे असायची गं तुझी?"

"असू द्या ना, आई. आता सवय झालीय मला."

"सवय कसली? तू सांग, मी ठेवते."

अबोलीने गॅस बारीक केला. सासूकडे पाहिलं, खिडकीतल्या डब्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "शेगडीच्या डावीकडे. खालच्या ड्रॉवरमध्ये."

शोभाताईंनी साखरेचा डबा उचलला. "बरं. आणि चहाची पावडर?"